सरकारी चांदीवर घरचं नाव

माझ्या काकांना वस्तूंवर नाव घालायची भारी हौस. भांड्यांवर नाव आपण सगळेच घालतो, पण काकांनी बादली, पाट, छत्रीची मूठ, काहीच सोडलं नव्हतं. कारेलीबागेतल्या त्यांच्या घरी त्यांचं आडनाव वाचल्याशिवाय घोटभर पाणीसुद्धा पिता येत नसे.

काका एका सरकारी अतिथिगृहाचे व्यवस्थापक होते. तिथली चांदीची ताटं, वाट्या, पेले त्यांच्या ताब्यात असत आणि कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला. सरकारची जीप भाजी आणायला जाई, सरकारचा कूलर दिवाणखान्यात वारा घाली आणि सरकारी गालिच्यावर बसून काका पूजा करत. ते नव्वदच्या दशकातले दिवस होते. सरकार आता एकेका गोष्टीतून अंग काढून घेणार, असं रोज पेपरात यायचं. काकांनी सरकारचं ओझं हलकं करायला आधीच सुरुवात केली होती.

मग माझ्या चुलतबहिणीचं लग्न ठरलं. व्याही एका कारखान्यात मोठे अधिकारी. त्यांच्यापुढे स्टीलची ताटं कशी मांडायची? एका सकाळी अतिथिगृहाची चांदी जीपमधून कारेलीबागेत आली.

काकू घाबरली. "अहो, लग्नघर आहे. दोन्हीकडची भांडी एक होतात. सरकारची एखादी वाटी गेली म्हणजे?"

एखादा शहाणा माणूस यावर चांदी परत ठेवून आला असता. काका ती घेऊन मांडवीच्या बाजारात गेले आणि एकूण एक भांड्यावर स्वतःचं नाव घालून आले. "आता हरवून दाखव," असं वर काकूलाच म्हणाले.

लग्नाला त्यांनी गांधीनगरच्या आपल्या साहेबांना आग्रहाने बोलावलं होतं. साहेब अतिथिगृहात कितीदा तरी उतरलेले. त्यांना पहिल्या पंगतीत, व्याह्यांच्या शेजारी बसवलं. श्रीखंड संपल्यावर साहेबांनी वाटी उलटी करून पाहिली. बुडाला सरकारी शिक्का आणि कडेला काकांचं नाव, कोरं करकरीत. साहेबांनी वाटी खाली ठेवली, विडा घेतला, वधूवरांना आशीर्वाद दिला आणि गेले. पुढच्या आठवड्यात घरी पोलीस आले. गालिचा आणि कूलरही घेऊन गेले.

खटला सरकारी चालीने चालला. शिक्षा झाली तर नोकरी जाणार आणि पेन्शनही जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी वकिलांनी रावपुऱ्यातल्या आमच्या घरी बसून युक्ती काढली. चांदी उजळायला घरी आणली होती; बाईमाणसाने न कळून नाव घालून घेतलं; काकांना पत्ताच नव्हता. काकूने साक्षीला येऊन एवढंच म्हणायचं.

"तुला काय होणार आहे?" काका म्हणाले. "तू कुठे सरकारी नोकर आहेस?"

वकिलांनी मान डोलावली. माझ्या वडिलांनीही डोलावली, याचा मला आजही संताप येतो. काकू चहाचे कप गोळा करून आत गेली. आम्ही सगळ्यांनी तो होकार समजला, कारण आजवर तिचं गप्प राहणं म्हणजे होकारच असे.

कोर्टात ती ठेवणीतली साडी नेसून आली. समोर टेबलावर वाट्या मांडलेल्या. वकिलांनी एक उचलून तिच्यापुढे धरली आणि गुजरातीत विचारलं, "बेन, आ नाम तमे कोतराव्युं ने?"

काकूने वाटी हातात घेतली, नाव वाचलं आणि न्यायाधीशांकडे पाहिलं. "साहेब, मारुं नाम तो घरनी एक चमची पर पण नथी. मी घालून घेतलं असतं तर एखाद्या वाटीवर तरी माझं घातलं नसतं का?"

बोलता बोलता ती मराठीवर आली होती, पण कोर्टात सगळ्यांना समजलं. आणि ते खरंच होतं. तिच्या माहेरून आलेल्या ताम्हनावरसुद्धा काकांचंच नाव होतं. ते मी लहानपणापासून बघत होते आणि कधी खटकलं नव्हतं.

काकांना शिक्षा झाली. अपिलासाठी जामीन मिळाला, म्हणून काका, काकू आणि मी रिक्षाने घरी निघालो. काका रस्ताभर धुमसत होते.

"एवढं 'हो' म्हणाली असतीस, तर मी सुटलो असतो!"

"तुम्ही सुटला असता," काकू म्हणाली. "मग चोर कोण ठरलं असतं?"

काका तिच्याकडे बघतच राहिले. ढोंग त्यांना छान जमत असे, पण त्या क्षणी ते ढोंग करत नव्हते. हा प्रश्न त्यांच्या मनाला खरोखरच कधी शिवला नव्हता.