पौर्णिमेला बर्फ दारापर्यंत येतो का?

माझ्या नवऱ्याचं जहाज इटलीतल्या एका बंदरात दुरुस्तीला गोदीत चढलं आणि तीन महिने तिथेच राहणार असं ठरलं. तेव्हा कंपनीने इंजिनखान्यातल्या लोकांना बायका-मुलांना बोलावून घ्यायची मुभा दिली. जाण्यायेण्याचा खर्च कंपनीचा. ह्यांचं पत्र आलं : 'नाताळात आठ दिवस रजा आहे. इथले लोक डोंगरात बर्फावरून घसरायला जातात, तिथे जाऊ. तीन गावांची पत्रकं पाठवतोय. तू निवड, मला त्यातलं काही कळत नाही.' सहीच्या खाली आणखी एक ओळ होती. 'ती अजून मला तुम्ही म्हणते का?'

ती म्हणजे आमची मुलगी, आठ वर्षांची. आणि हो, म्हणत होती. आमच्या कोळीवाड्यात बापाला तू म्हणतात. तुम्ही म्हणायचं ते मामलेदाराला, मास्तरांना आणि पाहुण्याला. जन्मल्यापासून तिने बापाला चारदा पाहिलं होतं, दर वेळी जेमतेम महिनाभर. हे रजेवर आले की पहिल्या दिवसापासून ओटीवर माणसांचा ठिय्या पडायचा. पत्ते, गप्पा, परदेशी सिगारेटी. ही दाराआडून विचारायची, "तुम्ही चाय घेनार का?" माणसं हसायची, हेही हसायचे. मागच्या खेपेला मात्र हसले नाहीत. कप घेतला, तसाच बाजूला ठेवला.

सासूबाई नातीवर डाफरायच्या. "गो, बापाला कोन तुमी म्हनतं? तो काय फौजदार हाय?" त्याने काही होत नव्हतं. उलट ती बापासमोर यायचंच टाळायला लागली.

म्हणून मी वही काढली. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. घरात मीठ भरण्यापासून पावसाळ्यापूर्वी कौलं परतण्यापर्यंत सगळ्याची यादी करायची माझी सवय. पानावर तीन रकाने आखले, एकेका गावाला एक. डावीकडे मुद्दे लिहिले : स्टेशनपासून अंतर, खोलीत शेगडी, दूध, भात मिळेल का, भाडं. भाड्याखाली मी दोनदा रेघ ओढली, कारण तिकडचं चलन बेताचंच मिळणार होतं. सगळ्यात वर एकच शब्द लिहिला : गर्दी.

पत्रकांतली चित्रं सुंदर होती, पण अक्षर एक लागत नव्हतं. खाडीपलीकडे दिघीला एक म्हातारे चाचा राहायचे. तीस वर्षं मोठ्या बोटींवर बटलर होते, त्यांना इटालियन थोडं यायचं. एका रविवारी मी तरीतून त्यांच्याकडे गेले. चाचांनी चष्मा लावला, पहिलं पत्रक उघडलं आणि लगेच मिटलं.

"ह्ये नको गो बाय. नुसता शोर. बँड, नाच, शराब. तुजा घरवाला आठ दिस हाताला लागाचा नाय."

"बोटीवरचे सगळे तिथेच जाणार आहेत म्हणे."

"मग तर बिलकुल नको."

दुसरं गाव सगळ्यांत स्वस्त. मी खूश झाले होते. चाचांनी बारीक अक्षरं वाचली आणि हसू लागले. तिथे पुरुष एका दालनात झोपणार आणि बायका-मुलं दुसऱ्या इमारतीत. मी तिथल्या तिथे रकान्यावर काट मारली.

तिसऱ्या गावाच्या पत्रकात चित्र एकच, तेही काळंपांढरं. एक विधवा बाई घरातल्या दोन खोल्या भाड्याने देते. दिवसातून एक बस. हॉटेल नाही. डोंगरावर चढवणारा दोरीचा पाळणा नाही, चढायचं पायी.

"हिता करनार काय तुमी?" चाचांनी विचारलं.

"काही नाही. तेच पाहिजे."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग पत्रकाच्या कोपऱ्यातलं छोटं चित्र दाखवलं. एक माणूस पायांना लांब फळ्या बांधून उभा होता. "ह्ये बग. आपली लोका खाजनात निवट्या धरतात ना, तीच तऱ्हा. फकस्त दोन फळ्या, आनि हुबा ऱ्हायाचा."

ते मला एकदम पटलं. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडला की आमच्याकडची माणसं फळीवर एक गुडघा टेकतात, दुसऱ्या पायाने ढकलत सुसाट जातात आणि चिखलातले निवटे, म्हणजे बोटभर मासे, पकडतात. आमची मुलगी तर यात पटाईत. मी तिला त्यासाठी किती धपाटे घातले असतील! घरी आल्यावर मी सांगितलं, "उद्यापासून रोज खाजणात जायचं, फळी घेऊन." ती माझ्याकडे बघतच राहिली.

गाव ठरवण्याआधी घरमालकिणीला पत्र लिहायचं होतं. आमचे हेडमास्तर ओटीवर बसून इंग्रजी मजकूर लिहू लागले. मी प्रश्न सांगत गेले : भात शिजवू देणार का, गरम पाणी कधी, उतार लहान मुलाला झेपेल का. तेवढ्यात सासूबाई सूप घेऊन बाहेर आल्या. त्यांना मुळात हा प्रवासच मंजूर नव्हता.

"बरफ बगाया येवऱ्या लांब? आपल्या बंदरावर लाँचीतनं पोती भरभरून येतो. जा, बस त्याच्यावर."

"आये, तिकडचा आभाळातून पडतो. गावभर पसरतो."

"गावभर?" त्या थांबल्या. "म्हंजे उधान हाय म्हना की त्याला. मंग इचार, पुनवेला दारापातूर येतो का? रातचा घरात घुसला म्हंजे पोरीला घेऊन कुठं जाशील?"

हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मलाही नक्की माहीत नव्हतं. समुद्रकाठच्या माणसाला एवढं ठाऊक असतं की जे पसरतं ते पौर्णिमा-अमावास्येला वाढतं. घाला म्हटलं तोही प्रश्न.

उत्तर पाच आठवड्यांनी आलं, तिथल्या शाळामास्तराच्या हातचं. भात शिजवा. गरम पाणी सकाळी. उतार लहान आहे, माझी नातवंडं त्याच्यावरच शिकली. आणि शेवटी : 'बर्फ दारापर्यंत येतो, कधीकधी खिडकीपर्यंतही. पौर्णिमेचं आम्ही आजवर पाहिलेलं नाही. यंदा लक्ष ठेवू.'

"बग," सासूबाई म्हणाल्या. "इचारलं म्हनून कळलं." त्या दिवसापासून त्यांचा विरोध मावळला. ती बाई भल्या घरची आहे, असं त्यांनीच शेजारी सांगायला सुरुवात केली. मी माणगावच्या बाजारातून लोकर आणली आणि शाळेच्या मधल्या सुट्ट्यांत तीन स्वेटर विणले.

नाताळात आम्ही तिघं पोचलो, तर गाव पत्रकात होतं तसंच निघालं. चार-पाच डझन घरं, एक चर्च, एक दुकान. आल्या दिवशी हे दुकानापर्यंत जाऊन परत आले.

"इथं पत्ते खेळायला कोणी नाही ग!"

"नाही," मी म्हणाले. "मी बघून घेतलं होतं."

पहिले दोन दिवस काहीच घडलं नाही. तीन माणसं एका शेगडीभोवती. हे तिला गोष्टी सांगायचे, ती मान डोलवायची आणि विचारायची, "तुम्हाला आनखी भात वाढू?" मला धाकधूक वाटू लागली. एवढ्या लांब येऊन, ठरवून ठरवून, मी बापलेकीला आणखी अवघडून बसवलं की काय!

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. मालकिणीने नातवंडांच्या जुन्या फळ्या मुलीला दिल्या आणि आपल्या नवऱ्याच्या ह्यांना. मुलगी घराच्या मागच्या उतारावर उभी राहिली, दोनदा पडली, तिसऱ्यांदा खाली गेली ती थेट कुंपणापर्यंत. गुडघे वाकवून, अंग पुढे टाकून, अगदी खाजणात जाते तशी. हे मात्र ताठ उभे. वादळात डेकवर तोल सांभाळणारा माणूस, त्या बोटभर उतारावर पाच पावलं गेला की आडवा. एकदा तर दोन्ही फळ्या एकमेकींवर चढल्या आणि हे उताणे पडून आभाळाकडे बघत राहिले.

ती खालून फळ्या आपटत आपटत वर आली. लाल झालेली, चिडलेली.

"अरे, ढोपार वाकव ना तुजा! किती येला सांगू? बाबा, तू येडा हायस का?"

मी मागच्या दारात भाताचं पातेलं घेऊन उभी होते. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, हे बरं झालं. ते बर्फातच पडून राहिले आणि म्हणाले, "व्हय. येडाच हाय. दाखव परत."

तिने दाखवलं. दुपारभर दाखवलं. तिचं तोंड नंतर थांबेना. "तू असा का करतोस", "तू माझ्या मागं ये", "तू बोटीवर पन असाच पडतोस का?" ह्यांचा गुडघा सुजला, मालकिणीने कसलंसं मलम चोळलं, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं माझ्याआधी बाहेर. उरलेले दिवस मी घरात एकटी होते म्हटलं तरी चालेल. स्वेटरांची बटणं पक्की केली, मालकिणीकडून चीज करायचं शिकले आणि तिला भाताची पेज शिकवली. एकमेकींची भाषा येत नव्हती, पण काही अडलं नाही.

बंदरावर निघायच्या दिवशी खरी पंचाईत झाली. आमची बोट धक्क्याला लागलेली, सामान चढलेलं, आणि हिला तेव्हा उमगलं की बाप येणार नाही. मी तिला ते आधी चारदा सांगितलं होतं. तिने ह्यांच्या कोटाची बाही धरली.

"तू पन चल."

"जहाज दुरुस्त व्हायचंय ग."

"तू खोटारडा हायस! घरी आल्यावर फळ्या बांधाया शिकवीन म्हनालास!"

"येईन ना शिमग्याला."

"तू नेहमी असाच म्हनतोस!"

धक्क्यावरचे लोक वळून बघत होते. ह्यांचे डोळे भरले होते आणि चेहरा हसरा होता. एवढ्या वर्षांत लेकीने त्यांच्याशी पहिल्यांदाच भांडण काढलं होतं. मी तिला उचलून शिडी चढले.

येताना बोट लागली तर काय, ताप आला तर काय, या सगळ्याची तयारी माझ्या पिशवीत होती. ह्या रडण्यावर काही नव्हतं. सुएझ येईपर्यंत ती रडली, जेवताना, झोपताना, शेजारच्या बाईने बिस्किट दिलं तरी. ती बाई मला म्हणाली, जरा गप्प करा तिला. मी म्हटलं, रडू दे.