टेलिफोनातल्या साळवेबाई

बोर्डावर बसण्याआधी साळवेबाई चपला काढायच्या. त्या भिंतीशी जोडून ठेवायच्या, हेडफोन रुमालाने पुसायच्या, क्षणभर डोळे मिटायच्या आणि मग पहिल्या गिऱ्हाइकाला म्हणायच्या, "नमस्कार, पनवेल. बोला." मी पनवेलच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर म्हणून रुजू झाले तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही दादरचं बिऱ्हाड नुकतंच नव्या पनवेलात हलवलं होतं आणि मला तिथलं काहीच धड ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवशी वाटलं, बाईंच्या चपला नव्या असतील, चावत असतील.

पुढे ओळख झाल्यावर विचारलं. त्यांनीच उलट विचारलं, "देवळात जाताना तुम्ही काय करता, विद्याताई?"

"काढते चपला."

"मग झालं तर." एवढं म्हणून त्यांनी बोर्डाकडे हात केला.

मी बोर्डाकडे बघितलं. पॉलिश उडालेलं लाकूड, दोऱ्या उसवलेल्या केबली, कोपऱ्यात कुणीतरी पुसलेला चुन्याचा डाग. मला हसू आवरेना. बाईही हसल्या. "दिसायला नाहीये तसं, ते मलाही कळतं," त्या म्हणाल्या.

त्यांचं नाव रिबका साळवे. मूळच्या नगर जिल्ह्यातल्या, मराठी ख्रिस्ती, एकट्या. पन्नाशीला टेकलेल्या, बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, दोन खांद्यांवरून घेतलेला सुती पदर. रस्त्यात भेटल्या तर कुणी वळून बघणार नाही. पण आवाज! उरणच्या मिठागरवाल्यापासून नेऱ्याच्या दूधवाल्यापर्यंत जो कुणी ट्रंककॉल लावायचा, तो बाईंच्या आवाजावर निर्धास्त व्हायचा. तेव्हा बाहेरगावी बोलायचं तर आधी आमच्याकडे नंबर सांगून ठेवावा लागे, मग आम्ही मुंबईच्या ऑपरेटरला गाठून लाइन जोडायचो. कधी तास लागे, कधी दिवस जाई. घरी फोन नसलेले लोक एक्सचेंजच्या पुढच्या खोलीत बाकड्यावर वाट बघत बसायचे आणि लाइन लागली की लाकडी बूथमध्ये शिरून ओरडून बोलायचे.

दोन माणसं बोलायला लागली की बाई लगेच कळ वर करायच्या. ऐकायच्या नाहीत. आमच्यातल्या बाकीच्या ऐकायच्या, मीही ऐकायचे, त्यात आम्हाला काही गैर वाटत नसे. दुपारी डबा खाताना कुणाचं लग्न जमलं नि कुणाचं मोडलं याची चर्चा व्हायची. बाई त्या वेळी लोणच्याची बाटली पुढे सरकवायच्या आणि म्हणायच्या, "निरोप्याने पाकीट फोडू नये, बायांनो. निरोप पोचला की आपलं काम संपलं." यावरून आमची एक सहकारी त्यांना मागून 'संतीण' म्हणायची. बाईंच्या कानावर ते गेलं होतं. "संत कुठली," त्या मला म्हणाल्या, "मी तर नवसाची बकरी. सुटून आलेली."

त्या बोलण्याचा अर्थ त्यांचे वडील पनवेलला राहायला आले तेव्हा कळला.

अण्णा नगरकडच्या खेड्यांतून जन्मभर सायकलवर हिंडलेले उपदेशक. उंच, ताठ, पांढरीशुभ्र टोपी. पहिली पोरं जगली नव्हती, म्हणून रिबका जन्मली तेव्हा त्यांनी तिला देवाच्या सेवेला वाहिलं होतं. मिशनच्या दवाखान्यात परिचारिका व्हायचं, आयुष्यभर रुग्णांची सेवा करायची, असं ठरलेलं. पण शिकत असतानाच बाईंना छातीचं दुखणं झालं. बऱ्या झाल्या, तरी रात्रपाळ्या आणि वॉर्डातली धावपळ झेपणार नाही म्हणून दवाखान्याने त्यांना परत पाठवलं. मग जाहिरात बघून टेलिफोनात अर्ज केला आणि लागल्या. अण्णांच्या ते कधी पचनी पडलं नाही. आई गेल्यावर म्हातारपणी लेकीकडे राहायला आले, लेकीच्या हातचं खाऊ लागले, पण माझ्यासमोरच एकदा म्हणाले, "मी हिला देवाला दिली होती. हिने स्वतःला सरकारला दिलं."

बाईंनी तेव्हा चहाचे कप उचलले आणि आत गेल्या. नंतर मला पोचवायला कोपऱ्यापर्यंत आल्या. "ते म्हणतात ते मलाही पुष्कळ वर्षं खरं वाटायचं," त्या म्हणाल्या. "बोर्डावर बसले की वाटायचं, आपण चुकीच्या दारात उभ्या आहोत. मग एक दिवस विचार केला, देवाला मी इथे सापडत नसेन का? त्याला काय पत्ता लागत नाही होय? तेव्हापासून चपला काढते."

अण्णा रोज दुपारी लेकीचा डबा घेऊन यायचे आणि रिकामा डबा न्यायला बाकड्यावर थांबायचे. रविवारी चर्चमध्ये नवीन कुणी भेटलं की सांगायचे, "मुलगी नोकरीत आहे." 'नोकरीत' हा शब्द ते असा उच्चारायचे, जणू मुलगी इस्पितळात आहे.

कुवेतमध्ये इराकी फौजा घुसल्या तो पावसाळा. उरण-पनवेल पट्ट्यातली बरीच मुलं आखातात कामाला होती. आमची पुढची खोली सकाळपासून भरू लागली. तिकडची लाइनच मेलेली. आम्ही मुंबईला विचारायचो, मुंबई म्हणायची, नाही. त्या गर्दीत हिराबाई नावाची एक बाई रोज यायची. उरणकडच्या गावातली, नवरा मिठागरावर, एकुलता मुलगा दामू तिकडे वेल्डर. ती कुणाशी बोलायची नाही. खिडकीशी येऊन एवढंच विचारायची, "लागली का गो बाय?" आणि बाई म्हणायच्या, "नाही हो. मी बघते."

एक दिवस खिडकी धरून ती म्हणाली, "मना त्याच्याशी बोलायचा पन नाय. जिता हाय का नाय, येवढाच इचारून सांग."

बाईंनी तिच्याकडून मुलाचं पूर्ण नाव, गाव, तो कुणाचा फोन नंबर लावण्याची शक्यता आहे ते विचारून घेतलं. गावच्या दुकानातला एकच फोन, तोही पावसाने बंद पडलेला. मग पाळी बदलली की मुंबईच्या बोर्डावर जी कुणी नवी येईल तिला बाई सांगू लागल्या, "अगं, या गावासाठी तिकडून काही आलं तर 'नंबर बंद' म्हणून सोडू नकोस. माझ्याकडे दे." मुंबईच्या त्या बायकांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आवाजावरून ओळखायच्या. कुणी वैतागायच्या, कुणी हो म्हणायच्या. मी म्हटलं, "बाई, हजारो माणसं अडकलीत. असा कुठे कॉल सापडतो?" त्या म्हणाल्या, "सापडणं माझ्याकडे नाही. सांगून ठेवणं माझ्याकडे आहे."

एका दुपारी अण्णा बाकड्यावर हिराबाईच्या शेजारी बसले होते. तिची कथा त्यांनी काढून घेतली आणि त्यांच्यातला उपदेशक जागा झाला. ते उभे राहिले, हात वर केला आणि खड्या आवाजात प्रार्थना सुरू केली. हिराबाई बावरून पदर तोंडाशी धरून बसली. नेमकी त्याच वेळी बोर्डावर मुंबईकडून कॉल आल्याची कळ पडली. जॉर्डनहून कॉल होता. दामू सीमा ओलांडून तिथे छावणीत पोचला होता.

बाईंनी खिडकी उघडली आणि बापाला म्हणाल्या, "अण्णा, गप्प बसा! लाइन लागतेय!"

जन्मभरात अण्णांना कुणी प्रार्थनेच्या मध्ये गप्प बसवलं नसेल. ते वर केलेला हात तसाच ठेवून उभे राहिले.

हिराबाई बूथमध्ये धावली. पण लाइन इतकी खराब की तिला काही ऐकू येईना. ती नुसती "दामू, दामू" करत रडायला लागली. आमच्या बोर्डावर मात्र आवाज पुसट का होईना, येत होता. तेव्हा बाईंनी तिला खिडकीशी बोलावलं. डाव्या हाताने कानावरचा हेडफोन दाबून धरला, डोळे मिटले, आणि तिकडून येईल तो शब्द त्या मोठ्याने बोलू लागल्या. "आये, मी हाय." दामू बोलेल तसंच, त्याच्याच बोलीत. "आये, मी बरा हाय. आमी धा जनं हाव. इमानाची वाट बगतो."

हिराबाई खिडकीच्या गजांना धरून बाईंच्या तोंडाकडे बघत होती. "जेवलास का रं?" तिने विचारलं. बाईंनी ते तिकडे पोचवलं. उत्तर ऐकताना त्यांचा चेहरा जरा बदलला, ते मी शेजारून पाहिलं.

"जेवलो, म्हनतो," त्या म्हणाल्या.

"खोटा बोलतं," हिराबाई म्हणाली. "त्याला सांग, आय रागावली नाय. निसता ये."

बाईंनी सांगितलं. लाइन तुटली. हिराबाईने गजांमधून हात घालून बाईंच्या गालावरून फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. मग ती तिथेच जमिनीवर बसली आणि खोलीतल्या सगळ्यांनी एकदम बोलायला सुरुवात केली. बाई मात्र पुढच्या नंबराकडे वळल्या होत्या. "नमस्कार, पनवेल. बोला."

मी नंतर विचारलं, मुलगा काय म्हणाला होता? "तो जे सांगा म्हणाला तेच मी सांगितलं," बाई म्हणाल्या.

अण्णा त्या दिवशी डबा न घेताच घरी गेले. संध्याकाळी मी बाईंबरोबर त्यांच्या घरी गेले तर म्हातारा ओट्यावर बसलेला. त्याने सरकून आम्हाला जागा करून दिली. मग म्हणाला, "मी जन्मभर समजत होतो की हे काम मी करतो. देवाचं बोलणं लोकांच्या बोलीत लोकांना सांगायचं." टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "पण मी मध्ये माझंच फार घालायचो." त्या रात्री बाईंनी अण्णांच्या आवडीचं वांग्याचं भरीत केलं आणि मलाही जेवल्याशिवाय सोडलं नाही. पुढच्या रविवारी चर्चच्या आवारात कुणीतरी विचारलं, मुलगी काय करते? अण्णा म्हणाले, "सेवेत आहे." ऐकणाऱ्याला वाटलं असेल, सरकारी सेवेत. बाईंनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांचा चष्मा पुसून होईना.

दामू आला, पेढे देऊन गेला. अण्णा त्यानंतर दोन-तीन वर्षांनी झोपेतच गेले.

आणि मग आमचा बोर्डच गेला. एसटीडी आली, गल्लोगल्ली पिवळे बूथ झाले, लोक स्वतःच नंबर फिरवू लागले. आम्ही खूश होतो, पाळ्या संपल्या. बोर्ड उचलायला माणसं आली त्या दिवशी साळवेबाई रजेवर गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांना तक्रारींच्या काउंटरवर बसवलं होतं. बंद फोन, चुकीची बिलं, अद्वातद्वा बोलणारी माणसं. बाई त्यांच्याशी नीट बोलायच्या, पण त्यांचं त्यात लक्ष नसायचं. डबा अर्धा परत जायचा. एकदा मी सहज म्हटलं, "आता आराम आहे तुम्हाला." तर म्हणाल्या, "आराम नाही हो. मला कामावरून काढलंय. पगार चालू आहे एवढंच." मी म्हटलं, सरकारने कुठे काढलंय? त्यांनी फक्त छताकडे बोट दाखवलं. त्या दिवसांत त्या चर्चलाही जात नव्हत्या, हे मला मागाहून कळलं.

कधी आणि कशाने बदललं ते मला नीट सांगता येणार नाही. त्यांनाही सांगता आलं नसतं. एवढं आठवतं की तळोज्याचे एक पेन्शनर काउंटरवर ओरडून ओरडून दमले आणि शेवटी म्हणाले, "फोन नाही तर नाही, निदान कुणी सांगा तरी, होणार आहे की नाही!" बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्या दिवशी पाच वाजता सगळे आवराआवर करत असताना त्यांनी फोन ओढला आणि दिवसभरात तक्रार केलेल्यांना एकेक करून कळवायला सुरुवात केली. आज झालं नाही, उद्या लाइनमन येईल. आज झालं नाही, केबल तुटली आहे, आठवडा लागेल. मी म्हटलं, "बाई, ज्याचा फोन बंद त्याला फोन कसा करणार?" त्या म्हणाल्या, "शेजाऱ्याचा नंबर घेतलाय ना!" आणि किती तरी दिवसांनी मनापासून हसल्या. "दुरुस्ती माझ्या हातात नाही, विद्याताई. उत्तर माझ्या हातात आहे." निवृत्त होईपर्यंत त्यांनी ते रोज केलं. लोकांचे फोन त्यामुळे लवकर दुरुस्त झाले असं नाही. ओरडणं तेवढं कमी झालं.

निवृत्तीनंतर त्या नगरकडे धाकट्या भावाच्या गावी गेल्या. वर्षा-दीड वर्षाने त्यांच्या भाच्याचा फोन आला, आत्या गेली. छातीच्या जुन्या दुखण्याने उचल खाल्ली होती. मला लगेच जायला जमलं नाही. उन्हाळ्यात गेले. गाव लहान, चर्चमागे दफनभूमी, बाईंच्या मातीवर अजून दगड बसवला नव्हता. भाचा शेतावर होता, म्हणून शेजारची एक म्हातारी मला वाट दाखवायला आली.

"गिरणीवाल्या बाई तुमच्या कोण?" तिने विचारलं.

मला कळेना. तिने सांगितलं, भावाची पिठाची गिरणी होती, बाई आल्यापासून त्याच बसायच्या. "लई ध्यान त्यांचं. पीठ हाताच्या बोटात चोळून बघायच्या. जाड पडलं तर मुकाट परत जात्यात टाकायच्या, वेगळे पैसे न्हाई. एकदा मी म्हणलं, चालंल की ओ. तर म्हणल्या, मला चालंल, पण भाकर खाणारं मला दिसत न्हाई ना, म्हणून बघावं लागतं."

"आमच्याकडे टेलिफोनात होत्या," मी म्हटलं. "फार मोठं काम होतं त्यांचं."

"टेलिफोनात?" म्हातारीला नवल वाटलं. "कधी बोलल्या न्हाईत बया." मग तिने मातीवर पडलेली बाभळीची वाळकी फांदी उचलून बाजूला टाकली आणि म्हणाली, "आता गिरणीवर पोरं बसत्यात. पण समद्या बाया अजून पीठ चोळून बघत्यात."