रंध्याच्या परसातला दगड

होड्या बांधणाऱ्या सुताराला गावात रंधा म्हणत. बोलताना समोरच्याला तासून काढायचा, म्हणून.

आमच्या गावचा समुद्र म्हणजे बेभरवशाचा पाहुणा. उत्तरेची जमीन खातो, दक्षिणेला वाळू ओकतो. गल्ली पाण्यात गेली की माणसं चूलबोळकी उचलून मागं सरकायची, गल्लीचं नाव आणि धक्क्यावर होड्या दोरानं बांधून ठेवायचा दगडही सोबत न्यायची. दगडाशिवाय धक्का कसला?

त्या साली सरकारनं समुद्राला भिंत घालायचं ठरवलं. जुन्या धक्क्यापासून भिंत. भिंतीपलीकडची, समुद्राकडची घरं समुद्राला सोडलेली. मोजणीदार लाल रंगाचा डबा घेऊन हिंडत होता. धक्का सापडेना.

रंधा छाती काढून म्हणाला, "चला, दाखवतो."

घरामागं नेऊन त्यानं बायकोचा धुण्याचा दगड दाखवला. दोरांनी पडलेल्या खाचा अजून होत्या. मोजणीदारानं त्यावर लाल फुली मारली. मग समुद्राकडं बघितलं, मधल्या घराकडं बघितलं.

"काका, घर तर पलीकडं गेलं."

बायकोनं पिळलेलं धुणं परत बादलीत टाकलं. "आणखी काही दाखवायचं राहिलंय का? म्हणजे मीही बाहेर जाते."

रंधा मोजणीदाराकडं वळला. "अहो, दगड इथला नाही. आजोबांनी ओढून आणलाय."

"कुठून?"

तेच तर ठाऊक नव्हतं. बाप समुद्राकडं हात करायचा, चुलता बाजाराकडं. पण चुलता नेहमी उलटंच बोलायचा. शेवटी दुसऱ्या दिवशी रंधा मोजणीदाराला घेऊन आत्याकडं गेला. ती बाजारपेठेत मुलाच्या दुकानामागं राहायची.

"आत्या, धक्का कुठं होता गं?"

"कुठला? माझ्या लग्नाआधीचा की नंतरचा?"

"सगळ्यात जुना," मोजणीदार म्हणाला.

आत्यानं बसल्या जागी पायानं फरशी ठोकली. "हा काय. माझी आजी इथं होडीतून उतरली. बाजार बसला तो नंतर, वाळू साठल्यावर."

दुकानदार पोरानं तागडी खाली ठेवली. "आई, तू गप्प बस."

तोवर अख्खा बाजार भिंतीपलीकडं जाणार ही बातमी शेजारच्या दुकानात पोचली होती. काल रंध्याच्या घराबद्दल हळहळून चहा पिणारे आज मोजणीदाराभोवती गोळा झाले. जुन्या धक्क्यापासून मोजणी नकोच, असं एकमतानं ठरलं. या गावात एकमत पहिल्यांदाच झालं. मोजणीदारानं डब्याला झाकण लावलं आणि नवा हुकूम आणायला निघून गेला.

रंधा घरी आला. बायको त्याच दगडावर धुणं आपटत होती. फुली निम्मी पुसली होती.

"राहिलं का घर?"

"सध्या राहिलं. पण आपण जमिनीवर आहोत की पाण्यात, ते आत्यालाही नीट सांगता येईना."

"मग आता?"

तो कामाच्या छपरात शिरला. गिऱ्हाईक फिरल्यामुळं अर्धवट पडलेली होडी तिथं होती. त्यानं फटीत बोट घालून बघितलं.

"ही पुरी करतो," तो म्हणाला, "घरासाठी."