बुटावर घासलेली काडी

सिनेमातली चांगली माणसं माझ्या लक्षात राहत नाहीत. हिरो कोण होता, त्याचं कोणावर प्रेम होतं, त्याची आई कशानं मेली, हे मी घरी येईपर्यंत विसरत असे. एका सिनेमात हिरोईन धान रोवत होती आणि तिच्या लुगड्याला चिखलाचा एक थेंब नव्हता. ती मात्र लक्षात राहिली, कारण आम्ही सगळ्या बाया हसलो होतो.

पण एक माणूस मी मरेपर्यंत विसरणार नाही. तो जमीनदाराच्या पदरी होता. सिनेमात त्याला नाव होतं की नाही, तेही आठवत नाही. खांद्यावर काळी घोंगडी, पायात बूट. बोलायचा कमी आणि चालायचा हळू. काडी बुटाच्या तळव्यावर घासायचा, बिडी पेटवायचा आणि जळती काडी न बघता मागे फेकून द्यायचा. मागे कोणाचं तरी खळं असायचं. ते भडकायचं आणि हा तसाच हळू चालत पुढे निघून जायचा.

साकोलीला तंबूतला सिनेमा आला तेव्हा आमचं अर्धं गाव बैलगाड्या जुंपून तो बघायला गेलं होतं. पंच्याहत्तरच्या आसपासची गोष्ट. आमचं गाव लाखनीपासून आत, तलावाच्या काठचं. सगळे धान पिकवणारे. खळं जळणं म्हणजे काय ते आम्हाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तंबूत बाया त्या माणसाला शिव्या देत होत्या. परत येताना गाडीत हिरोचं नाव कोणी काढलं नाही. सगळे बोलले ते त्या काडीबद्दल.

आमच्याकडे दिवाळीनंतर मंडई भरते. बाजार भरतो, पाहुणे येतात आणि गावातली माणसं नाटक करतात. त्या वर्षी पोरांनी ठरवलं की तोच सिनेमा नाटकात बसवायचा. काडीवाला माणूस माझ्या नवऱ्याला दिला. कारण सरळ होतं. तो उंच होता आणि त्याला पाठांतर होत नव्हतं. त्या माणसाला बोलणं कमी होतं.

बूट गावात कोणाकडे नव्हते. माझा मामेभाऊ जवाहरनगरच्या फॅक्टरीत होता, त्याचे आणले. पण काडी बुटावर पेटेना. सिनेमात कशी पेटत होती देव जाणे. शेवटी मीच काडीपेटीची बाजूची पट्टी काढून बुटाच्या तळाला डिंकानं चिकटवून दिली. पडद्याच्या मागे एक जण ओलं पोतं घेऊन बसायचा, फेकलेली काडी विझवायला.

नाटक झालं. नवऱ्यानं काडी फेकली आणि लोक ओरडले, वन्स मोअर. त्यानं पुन्हा फेकली. पुन्हा वन्स मोअर. शेवटी हिरो बिचारा तलवार घेऊन बाजूला उभा राहिला, त्याला कोणी विचारेना. गावातली जनावरं राखणारा म्हातारा गुराखी सगळ्यात पुढे बसला होता. त्याला सगळे आबाजी म्हणत. तो मांडीवर थापा मारत होता.

पुढचे काही दिवस मजेत गेले. पोरं माझ्या नवऱ्याला पाहून पळत. पोरगं जेवत नसलं की बाया म्हणत, "जेव, नाई तं काडीवाल्याले बोलावतो." दुकानदार त्याला काडीपेटी देताना म्हणे, "कोणाचं खळं आहे भाऊ आज?" त्याला हे आवडत होतं. घरातही तो हळू चालायला लागला. मी म्हटलं, "नाटक सरलं. आता सरळ चाला."

मग माझ्या भासऱ्याचं पुंजणं जळलं.

भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा चुलतभाऊ. त्याची आणि आमची जमीन लागून. त्या वर्षी तलावाच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं भांडण झालं होतं, चारचौघात झालं होतं. कापलेल्या धानाचं पुंजणं त्यानं खळ्यात रचून ठेवलं होतं, चुरून दाणे काढायचे बाकी होते. दिवस बुडताना ते पेटलं. आम्ही सगळे घागरी घेऊन धावलो. धान वाचलं नाही. सगळं संपत आल्यावर माझा नवरा आला. तो बैलं धुवायला तलावावर गेला होता, आणि थंडी होती म्हणून खांद्यावर घोंगडी टाकलेली होती. तो आगीच्या उजेडात आला आणि सगळे गप्प झाले. मी ते गप्प होणं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळासमोर बैठक बसली. आमच्यात बाया भासऱ्याशी तोंडासमोर बोलत नाहीत. पदर ओढून मी बाजूला उभी होते. पोलीस पाटलानं आबाजीला विचारलं, तुम्ही काय पाहिलं.

"सगळंच पाह्यलं," आबाजी म्हणाला. "हळू हळू आला. घोंगडी खांद्यावर होती. काडी बुटावर घासली, बिडी पेटवली, अन् काडी मांगं फेकली. मांगं वळून बी पाह्यलं नाई."

माझा नवरा म्हणाला, "आबाजी, मी बिडी पेत नाई. तमाखू खातो. तुमालेच तं मांगतो."

"त्या दिवशी पेला असशीन."

मला राहवलं नाही. भासऱ्याशी बोलता येत नव्हतं, पण आबाजीशी बोलायला मनाई नव्हती. मी विचारलं, "आबाजी, तुमी कुठं होते?"

"बोडीच्या पाळीवर." म्हणजे खळ्यापासून लांब, शेततळ्याच्या बांधावर.

"एवढ्या दुरून काडी बुटावर घासलेली दिसली?"

"दिसली तं."

"बूट कोणते?"

"नाटकातले."

"ते तं माझ्या भावानं मंडई सरल्यावरच जवाहरनगरले नेले. ह्यायच्या पायात चप्पल बी नोती."

आबाजी म्हणाला, "तं मंग पायावर घासली असन."

लोक हसले. पोलीस पाटील म्हणाला, "पायावर काडी पेटते का, आबाजी?"

"त्याची पेटन," आबाजी म्हणाला.

लोक अजून हसले. मला वाटलं, झालं, सुटलो. पण हसून झाल्यावर लोकांनी माझ्या नवऱ्याच्या पायांकडे पाहिलं. हसणारेही पाहत होते.

आबाजी खोटं बोलत नव्हता. खोटं बोलणारा माणूस मला ओळखू येतो. त्यानं सांजवेळी घोंगडीवाला एक माणूस पाहिला असेल किंवा नसेलही. बाकीचं त्याच्या डोळ्यात आधीपासून होतं. तो स्वतः रोज संध्याकाळी त्याच खळ्याजवळ बिडी प्यायला बसत असे, हेही सगळ्यांना माहीत होतं. कोणी बोललं नाही. मीही बोलले नाही. मी त्याला काडी टाकताना पाहिलं नव्हतं, आणि न पाहता सांगणारे तिथं पुष्कळ होते.

माझ्या नवऱ्यानं ते केलं नाही. मी बायको आहे म्हणून म्हणत नाही. तो बैलाला काठी मारायला कचरायचा. आग लावायला जी छाती लागते ती त्याच्यात नव्हती.

बैठकीत काही ठरलं नाही. पोलिसात गेलं नाही, दंड झाला नाही. भासरा एवढंच म्हणाला, "ज्यानं केलं त्याले देव पाहून घेईन." पण गावानं आपलं ठरवलं होतं. ते कळलं रोवण्याच्या वेळी.

आमच्याकडे रोवणा, म्हणजे धानाची लावणी, बाया पाळीपाळीनं करतात. आज मी तुझ्या धानाच्या बांधीत, उद्या तू माझ्या. त्या पावसाळ्यात मी सगळ्यांच्या बांधीत वाकले. मला कोणी नको म्हटलं नाही. माझी पाळी आली तेव्हा एकीचं पोट दुखत होतं, एकीच्या घरी पाहुणे होते, एक म्हणाली, "मी येतो, पण माया सासूले इचार." तिच्या सासूनं मला पाहून दार लावून घेतलं. परे, म्हणजे लावायची रोपं, वाफ्यात वाढून पिवळे पडायला लागले. माझ्या माहेराहून आई आणि बहीण आल्या, मी आणि सासू होतो. अर्धी जमीन रोवली. अर्धी पडीत राहिली. सासू बांधावर बसून नवऱ्याला म्हणाली, "हिरो काहून नाई झाला रे तू?"

पुढे बाया हळूहळू यायला लागल्या, पण मजुरी घेऊन. पाळीनं कोणी आलं नाही. नवऱ्यानं नाटकात पाय ठेवला नाही. थंडीत तो कुडकुडत फिरायचा, पण घोंगडी खांद्यावर टाकत नसे. खिशात काडीपेटी ठेवायचं सोडलं. चूल, दिवा, उदबत्ती, सगळं मीच पेटवायची.

बरीच वर्षं गेली. आमच्या गावात वीज येऊन जुनी झाली होती. एका गणपतीत पोरांनी साकोलीहून भाड्यानं टीव्ही आणि व्हिडिओ आणला. देवळासमोर मांडला. कोणता सिनेमा ते दुपारीच कळलं. तोच.

मी म्हटलं, "जाऊ नका."

"जातो," तो म्हणाला. "तूबी चल. लोकं पाहतीन तं समजन त्यायले. आबाजीनं जे सांगतलं ते यातलंच आहे म्हणून."

मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला सांगू. सिनेमा डोळ्यासमोर असला की आंधळ्यालाही कळेल असं वाटलं. आम्ही जाऊन मागे बसलो. भासरा पुढे खुर्चीवर होता. आबाजी फार म्हातारा झाला होता, दिसत कमी होतं, म्हणून त्याला टीव्हीच्या अगदी जवळ बसवलं होतं.

तो माणूस आला. मला वाटला होता त्याच्याहून लहान दिसला, टीव्ही लहान होता म्हणून असेल. घोंगडी, हळू चाल. बुटावर काडी घासली. बिडी पेटवली. काडी मागे फेकली, खळं भडकलं.

आबाजी काठी टेकून उभा राहिला. त्यानं टीव्हीकडे बोट दाखवलं.

"हेच," तो म्हणाला. "हेच तं मी सांगून राहिलो होतो. असाच फेकला होता. पाहा आता. पटलं का?"

इतक्या वर्षांनी त्याला साक्षीदार मिळाला होता.

लोकांनी माना वळवून आमच्याकडे पाहिलं. हसणारे एक-दोघं होते, तरणी पोरं, ज्यांना जुनं काही ठाऊक नव्हतं. भासऱ्यानं मात्र मान वळवली नाही. तो म्हणाला, "बसा आबाजी, मांगच्यायले दिसत नाई."

मी नवऱ्याला उठा म्हणून खुणावलं. तो उठला नाही. शेवटपर्यंत बसला. शेवटी हिरोनं त्या माणसाला मारलं तसे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या नवऱ्यानंही वाजवल्या. बाकीचे थांबले तरी तो वाजवतच होता. मी त्याचे हात धरून खाली केले.

घरी येताना गल्लीत एक जण भेटला. तोंडात बिडी होती. "भाऊ, काडी आहे का?" त्यानं विचारलं. तो खरंच मागत होता की चिडवत होता, ते मला आजही सांगता यायचं नाही.

"नाई बा," माझा नवरा म्हणाला. "मी ठेवत नाई."

घरी आल्यावर तो अंधारात खाटेवर बसला. मी चुलीमागच्या कोनाड्यातून काडीपेटी काढली आणि दिवा लावला.