रिकाम्या मागाची खटखट

तरी आबांचं आपलं तेच, की मुंबईत गिरणीत लागल्यापासून तिथल्या खटखटीनं माझे कान गेले, मला आता माणसाचं ऐकू येत न्हाय. बापाचं हे बोलणं खोटं पाडायचंच, म्हणून रजा काढून गावी, तेरला निघालो.

कुणाला तिकडं जायचं असेल तर सांगतो. मुंबईहून मोठ्या गाडीनं कुर्डुवाडी, तिथून बार्शीची छोटी गाडी. ती खटखटत अशी जाते की बैलगाडीवाला हसत पुढं निघून जातो. हद्दीवर निजामाचे करोडगिरीवाले, म्हणजे जकातीचे लोक, डब्यात चढले. एकानं माझ्या ट्रंकेवर काठीनं खटखट केलं.

"क्या लाया रे?"

आबांसाठी घेतलेल्या गिरणीच्या धोतरावर त्यानं जकात लावलीच. इंग्रजांचे कलदार रुपये बार्शीतच मोडून निजामाचे हाली सिक्के घ्यावेत, गावात बट्टा जास्त बसतो. ढोकीला उतरून भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. पुढं बैलगाडी मिळाली न्हाय, तेरपर्यंत पायीच गेलो.

आमच्या कोष्टी गल्लीच्या तोंडाशीच घरच्या मागाची खटखट कानावर आली. बरं वाटलं. चार पावलं गेलो आणि थांबलो. पोटात सूत असलं की माग मऊ वाजतो. हा कोरडा वाजत होता, लाकडावर लाकूड.

ओसरीवर कळंबचे पाहुणे बसलेले, माझ्या बहिणीला, चंद्रीला बघायला. त्यातला म्हातारा म्हणाला, "माग जोरात हाय की तुमचा!"

मी तोंड उघडणार तोच आईनं दंड धरला. "आल्या आल्या खटखट नगं. आत जा."

आत आबा मागाच्या खड्ड्यात, घामानं भिजलेले. फणी मारत होते. मागावर एक धागा न्हाय.

"आबा, सुताबिगर?"

"हळू. लढाई लागल्यापासनं सूत कुठंय? माग गप पडला की त्या घरची पोर कोण करतंय?" हात थांबले न्हाईत. "तुला कसं कळलं?"

"गल्लीतनंच. आवाजावरनं."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "म्हंजी कान हायती अजून."

"सरका. पाणी प्या जरा."

पाहुणे उठेपर्यंत मी रिकामा माग मारत बसलो. हातात काहीच येत न्हाय, तरी खांदे भरून येतात. जाताना म्हातारा बोलला, "दिवाळीनंतर येतो. तवा तुमच्या मागावरलं एक लुगडं दाखवा." आबा व्हय म्हणाले. चंद्री दारामागं उभी होती.

निघेपर्यंत दाराची कडी कुणीही खटखटवली की आई दचकायची आणि आबा उठून मागावर जायचे. मी नेलेलं धोतर खुंटीवर तसंच राहिलं.

परत गिरणीत आलोय. इथं दिवसभर खटखट, आणि थानामागून थान कापड पडतं. ऐकताना दर वेळी तो कोरडा आवाज मधेच येतो. आमच्या कोष्टी गल्लीतला एक जण उद्या इथून गावी चाललाय. आबांना चिठ्ठी लिहिलीय: दिवाळीच्या आत एका लुगड्यापुरतं सूत, मिळेल त्या भावानं घ्या. त्याच्याजवळ पाठवतोय, कलदार रुपये बारा.