मागचं बटण

फ्रीगंजमधली ती केस आठवली की अजूनही माझा चहा कडू होतो.

तेव्हा मी उज्जैनला टीआय, म्हणजे ठाण्याचा मुख्य इन्स्पेक्टर होतो. एका कॉलेजच्या प्राचार्या बाईंना ई-मेलवर जिवे मारण्याच्या धमक्या येत होत्या. सायबर सेलनं माग काढला, तो थेट टावर चौकामागच्या एका मराठी घराच्या वाय-फायपर्यंत. त्या घरचा मुलगा त्याच कॉलेजात कच्च्या नोकरीवर शिकवायचा आणि वेळापत्रकावरून बाईंशी त्याचं वाजलेलं. अटक झाली असती, तर नोकरी गेलीच असती; गावात तोंड दाखवायची सोयही उरली नसती.

ठाण्यात बसवून त्याला चांगला घासला. तो एकच सांगे, "साहेब, पासवर्ड माझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही. आईलासुद्धा नाही."

स्वतःच्याच गळ्यात फास अडकवत होता लेकाचा! खोटं बोलणारा आधी दहा जणांकडे बोट दाखवतो. मला शंका आली.

त्याला घेऊन राऊटर जप्त करायला त्याच्या घरी गेलो. पंच म्हणून शेजारचे गृहस्थ बोलावले, ते त्याच कॉलेजात बाबू. "मुलगा गुणी हो, पण आजकाल किसी का भरोसा नहीं," असं म्हणून त्यांनी उसासा टाकला.

मुलाच्या आईनं चहा आणला आणि माझ्या हवालदाराला विचारलं, "भाऊ, वाय-फाय लावून देऊ?"

"पासवर्ड?"

"तो कशाला? राऊटरच्या मागचं बटण दाबलं की फोन आपोआप जुडतो. आल्यागेल्याला मी असंच देते. पाहुण्याला ताटकळत ठेवणं बरं दिसतं का हो?"

मुलानं कपाळावर हात मारला. एकदा जुडलेला फोन पुन्हा काही विचारत नाही, भिंतीपलीकडूनही चालतो.

मी घरातले सगळे फोन बंद करायला लावले, आमचेही केले. राऊटर तपासणारा शिपाई म्हणाला, "सर, एक अजून चालू आहे."

मी पंचाकडे वळलो. "तुमचाही बंद करा."

"माझा कशाला? मी तर पंच आहे!"

"करा म्हणतो ना!"

त्यांनी केला. शिपाई म्हणाला, "गेला, सर."

फोन ताब्यात घेतला, त्यात धमक्या सापडल्या. प्राचार्या बाईंनी ह्या बाबूंवर चौकशी लावली होती, त्याचा हा राग.

"अहो, ह्यांना तर मीच बटण दाबून दिलं होतं! दिवाळीच्या फराळाला आले तेव्हा," ती माउली म्हणाली.

तेव्हापासून मी कुलपाआधी उंबऱ्याची चौकशी करतो, घरात कोण कोण येतं-जातं ते आधी विचारतो. पुढे एकदा सहज त्या घरी गेलो. मुलगा पक्का झाला होता, बटण बंद केलं होतं. काकूंनी चहा दिला, पण वाय-फायचं विचारलं नाही. पोलीस म्हणून मला बरं वाटलं. पाहुणा म्हणून फार वाईट वाटलं.