भट्टीमामांचा फोटो

भट्टीमामांना भुवया नाहीत. सव्वीस वर्षं काचेच्या भट्टीत डोकावून झडल्या, त्या परत आल्याच नाहीत. बाटल्यांच्या कारखान्यात संप झाला तेव्हा सगळे बाहेर आले आणि मामांना मात्र युनियननेच आत पाठवलं. भट्टी विझली तर काच आतच गोठते, भट्टीला तडे जातात. मग संप जिंकूनही परतायला काही उरत नाही. म्हणून तिघं पाळीपाळीने आग राखत होते. मामांची पाळी दुपारी दोनची.

बाराव्या दिवशी पेपरात त्यांचा फोटो आला. हातात डबा, एक पाऊल गेटच्या आत. खाली ओळ : ‘संपात फूट, कामगार परतू लागले.’

त्या दुपारी बस डेपोतले लोक गेटसमोरच्या रस्त्यावर पाठिंब्याला बसले होते. त्यांना हा संप पेपरातूनच माहीत. एक धिप्पाड ड्रायव्हर आडवा आला.

“कुठे निघाले हिरो?”

“भट्टीवर. जोडीदार सकाळी सहापासून एकटा आहे. सोडा.”

“मग हे काय छापलंय?”

मामांनी चिमणीकडे पाहिलं. धूर पातळ होत चालला होता.

पॅकिंगमध्ये काम करणारी त्यांची वहिनी धावत आली. “अहो, यांना आम्हीच पाठवतो!”

“मग पेपरवाल्यांना का नाही सांगितलंत?”

युनियनने चार पत्रकं काढली होती, पण भट्टीचं लिहायचं कुणाला सुचलंच नव्हतं. आपल्याला ठाऊक म्हणजे जगाला ठाऊक.

“पहारेकऱ्याकडे युनियनची चिठ्ठी आहे,” मामा म्हणाले. “वाचा. पण लवकर चला.”

ड्रायव्हरने त्यांचा डबा काढून घेतला आणि सोबत गेटपर्यंत गेला. चिठ्ठी दोनदा वाचली. मग ओशाळून मामांच्या खांद्यावर हात ठेवला. रस्त्यापलीकडून कुणीतरी फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी पेपरात : ‘आणखी एक परतला.’

सकाळपासून ड्रायव्हरचा फोन थांबेना. बायकोने विचारलं, “तिथे कधी लागलात हो नोकरीला?”

दोन वाजता मामा पोचले तेव्हा तो गेटवर फोटोग्राफरचं मनगट धरून उभा होता.

“फोटोखालची ओळ मी नाही लिहीत, साहेब. ऑफिसात लिहितात.”

“मग लाव ऑफिसला फोन. ही चिठ्ठी वाचून दाखव.” त्याने मामांसाठी वाट मोकळी केली. “मामा, तुम्ही व्हा आत.”

मामा जवळजवळ धावतच गेले.